विकतची भाजणी

८ जानेवारी १९७८, रविवार

जयकुमार सरांनी आज पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रत्येकीने एक वही ठेवायची आणि धंद्याबद्दल मनात येईल ते लिहायचं. खरं लिहायचं, कोणी बघायला मागणार नाही. म्हणून ही वही. मी आनंदी घाग, राहणार पेणकरपाडा. ह्यांचं नाव तोंडाने घेत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. महिपत. मी काशीमीऱ्याच्या नाक्यावर औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, कायम.

वर्ग भाईंदरच्या शाळेत, दर रविवारी. पोरांच्या बाकांवर आम्ही बायका गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. सर सांगलीकडचे. अंगाने काडी, पण आवाज ठणठणीत. म्हणाले, "धंदा रक्तात असावा लागतो ही थाप आहे. शिवणयंत्र शिकता ना? तसाच धंदाही शिकता येतो. नवी कल्पना शोधायची कशी, ती टिकेल का हे तपासायचं कसं, लोकांपर्यंत न्यायची कशी, या सगळ्याला रीत आहे." मला हे फार आवडलं. आमच्या माहेरी कोणी धंदा केला नाही, सासरी तर धंदा म्हटलं की तोंडं वाकडी होतात. शिकून येत असेल तर मी कोणाला हार जाणारी नाही.

शेजारी सुलू होती. ती महाडकडची, चाळीत दोन दारं सोडून राहते आणि कंपनीतही माझ्याच टेबलाला आहे. माझी मैत्रीण म्हणजे तीच. सरांनी विचारलं, धंदा कोणाला करायचाय? माझा हात पहिला. सुलूचा मीच वर केला.

२२ जानेवारी, रविवार

कल्पना सापडली. चकलीची तयार भाजणी.

दिवाळीच्या आधी कंपनीतल्या सगळ्या बायकांचे हाल मी बघते. दिवसभर उभं राहून पॅकिंग करायचं, घरी येऊन तांदूळ धुऊन वाळवायचे, डाळी भाजायच्या, धणे-जिरे भाजायचे, मग गिरणीवर रांग. बरं, एवढं करून चकली तेलात विरघळली की सासू बोलणार. माझ्या आईच्या भाजणीची चकली कधी विरघळत नाही आणि कडकही होत नाही. प्रमाण माझ्या डोक्यात आहे. पिशवी फोडा, पीठ भिजवा, चकल्या पाडा. सरांना सांगितलं तर म्हणाले, उत्तम, आता तपासा.

तपासायची रीत त्यांनी फळ्यावर लिहून दिली. ओळखीच्या माणसांना विचारायचं नाही, ती आपलं मन राखतात. "घ्याल का" असंही विचारायचं नाही. गेल्या दिवाळीला तुम्ही काय केलंत, कोणाकडून काय विकत आणलंत, ते विचारायचं.

हे काही मला पटलं नाही. पेणकरपाड्यात मला अनोळखी कोण आहे? आणि गेल्या वर्षीचं उकरून काय करायचंय, मला यंदाचं हवंय. सर पुरुष आहेत, बायकांशी कसं बोलायचं ते त्यांना पुस्तकातून कळणार नाही.

२७ जानेवारी, शुक्रवार

सरांना सुचली नसती अशी युक्ती मी केली. सध्या घरोघर संक्रांतीचं हळदीकुंकू चालू आहे. बायका आयत्या एका जागी सापडतात, निवांत असतात, चांगल्या साड्या नेसून चांगल्या मूडमध्ये असतात. मीही आमच्याकडे मोठं हळदीकुंकू केलं. हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हटलं आणि लगेच विचारलं, मी तयार भाजणी काढली तर घ्याल का?

कृष्णाबाई समोरच्या खोलीतल्या. त्यांच्या सासूबाई जिजाबाई म्हणजे साऱ्या चाळीचा धाक. कृष्णाबाई आधी सासूकडे बघून मग म्हणाल्या, "अहो, घेऊ की. तुमची नाही घ्यायची तर कोणाची घ्यायची?" जिजाबाई म्हणाल्या, "चांगलं आहे हो. बाईने काहीतरी करावं." दुसऱ्या एकीने "बघू ना, तुम्ही काढा तर खरं" म्हणून पाठ थोपटली. आणखी एक म्हणाली, "आमच्याकडे सासूबाई असेपर्यंत... पण घेऊ, का नाही घेणार?" अशा चाळीसजणी झाल्या. चाळीसच्या चाळीस हो म्हणाल्या.

एकटी चंपा कोळीण नाही म्हणाली. ती भाईंदर गावातून मासळी घेऊन दारावर येते, म्हणून जाता जाता तिलाही विचारलं. "न्हाय गं बाय, मी न्हाय घेनार. दुसऱ्याच्या हातचं पीठ घरात आनलं तर माजी सास काय बोलंल?" मी म्हटलं तिला राहू दे. ती काही हळदीकुंकवाला आली नव्हती, तिला मोजली नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

वर्गात आकडे वाचून दाखवले. वाटलं होतं सर शाबासकी देतील. ते डोकं खाजवत म्हणाले, "चाळीसपैकी चाळीस? माझ्या घरात चार माणसं आहेत, भाजी कोणती करायची यावर एकमत होत नाही." सगळ्या हसल्या. मग म्हणाले, "नाही कोण म्हणालं?" मी म्हटलं, कोणी नाही. सुलू मध्येच म्हणाली, "चंपा म्हणाली होती." सरांनी विचारलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, सर, ती कोळीण, तिचा भाजणीशी काय संबंध. सरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

परतताना मी सुलूला झापलं. भर वर्गात मला खाली पाहायला लावायची गरज होती का? ती म्हणाली, "मला वाटलं सांगायला हवं." हिला कधी काय वाटेल याचा नेम नाही.

१९ मार्च, रविवार

आज वर्गाला सुट्टी. सुलू आणि मी पहिला घाणा भाजला. तिचा हात भाजायला फार चांगला, हे मी मान्य केलं पाहिजे. आच कमी ठेवून तांदूळ असे हलवते की एक दाणा करपत नाही. मी मध्येच बोलण्याच्या नादात उडदाची डाळ लाल केली, तिने न बोलता बाजूला काढली आणि नवी घेतली.

आईचं प्रमाण तिला सांगितलं. सख्ख्या वहिनीला सांगितलेलं नाही. चकल्या पाडल्या, हे जेवायच्या आधीच ताटभर खाऊन बसले. सुलू म्हणाली, "खपेल गं ही. नक्की खपेल." तिच्या तोंडून नक्की हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बरं वाटलं.

३१ मे, बुधवार

कंपनीचा राजीनामा दिला.

सर म्हणाले होते, घाई नको, यंदाच्या दिवाळीला थोडं करून बघा, नोकरी सांभाळून. पण थोडं करून बघणाऱ्या बायका जन्मभर थोडंच करत राहतात. साहेब म्हणाले, विचार केलाय ना, एकदा गेलात की ही जागा मिळणार नाही, बाहेर रांग लागलीय. मी म्हटलं, चाळीस गिऱ्हाइकं हातात घेऊन चाललेय.

ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. घास हातातच राहिला. "आधी सांगायचं होतं," एवढंच म्हणाले. सांगितलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणून तर नाही सांगितलं. सुलू मात्र दिवाळीपर्यंत नोकरी सोडणार नाही म्हणाली. एवढी भित्री भागीदार. पण भाजायला येईन म्हणाली, तेवढं पुरे.

आता दिवाळी जमली नाही तर माझं काही खरं नाही. हे इथेच लिहिते, बोलून दाखवणार नाही.

१६ जुलै, रविवार

लेबल छापून आलं. वर ठसठशीत "आनंदी भाजणी", खाली "सौ. आनंदी महिपत घाग, पेणकरपाडा", त्याखाली "आता घरी भाजायची कटकट नको". हिरव्या कागदावर लाल अक्षरं. दोनदा हात फिरवून बघितला. शाळा सुटल्यापासून माझं नाव छापलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं. लग्नपत्रिकेतसुद्धा माहेरचं नाव गाळून दुसरंच घातलं होतं, ते ह्यांच्या आईने सांगितलं म्हणून. मी त्या दिवसापासून आनंदी झाले, आणि आता निदान त्या नावाचं काहीतरी झालं.

सुलूला दाखवलं तर म्हणते, "नाव नको ना घालू. साधी पिशवी दे."

मी म्हटलं, का?

"अगं, घरात कोणी बघितली पिशवी तर?"

"बघू दे की. त्यासाठीच तर नाव घालायचं. सर म्हणतात, मालावर नाव पाहिजे."

"सर म्हणतात गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघा. घेणारीला ती पिशवी लपवायला लागेल बघ."

चांगली वस्तू कोण लपवतं? मला सगळं कळलं. लेबलावर तिचं नाव नाही म्हणून पोटात दुखतंय. मोठ्या मनाने म्हटलं, आनंदी-सुलू भाजणी करू. तर ती हसायला लागली. "माझं तर मुळीच नको." मला राग आला. मी म्हटलं, जळतेस तू. तिने डाळ निवडून दिली आणि गेली.

२४ सप्टेंबर, रविवार

लीलाधरशेठच्या दुकानात माल ठेवला. पुढच्याच फळीवर, गुळाच्या बरणीशेजारी, येताजाता दिसेल असा. पिशव्या मेणबत्तीवर चिकटवल्या आहेत, एकही वाकडी नाही, कंपनीत उगाच नाही वर्षं काढली. शेठ म्हणाले, "आनंदीबेन, पॅकिंग तो एकदम फर्स्टक्लास छे." वर्ग आता संपलाय, दिवाळीनंतर सर्टिफिकेट मिळेल. सरांना पत्र टाकून कळवलं की माल बाजारात आला.

८ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र संपत आलं. एक पिशवी गेली नाही. एक.

रोज दुकानावर जाते आणि तांदूळ-साखर घ्यायला आल्यासारखी उभी राहते. लीलाधरशेठ म्हणाले, "देखते सब हैं, बेन. हातात घेते, वाचते, इधर-उधर बघते, परत ठेवते. कल एक बाईने तो पिशवीत टाकली होती, तेवढ्यात दुसरी बाई आली, तो लगेच काढून ठेवली. बोली, मैं तो बस देख रही थी." मला याचा अर्थ लागत नाही. घ्यायची तर आहे, मग ठेवता कशाला?

चाळीसजणी हो म्हणाल्या होत्या. मी एकेकीच्या तोंडाकडे बघते तर त्या दुसरीकडे बघतात. कृष्णाबाई परवा नळावर भेटल्या, म्हणाल्या, "कसं चाललंय तुमचं? छान, छान." आणि हंडा अर्धा भरलेला घेऊन गेल्या.

११ ऑक्टोबर, दसरा

आज हिय्या करून मोठं पाऊल टाकलं. वर्गात शिकवलं होतं की समाधानी गिऱ्हाईक हीच खरी जाहिरात. पाटी रंगवली. "आनंदी भाजणीला यांनी पसंती दिली आहे", आणि खाली त्या चाळीसजणींची नावं, नवऱ्याच्या नावासकट, म्हणजे घोटाळा नको. पहिलं नाव सौ. कृष्णाबाईंचं, मान म्हणून. सुलूला दाखवायला गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, रजा टाकून महाडला आईकडे गेलीय, आईला बरं नाही. मला न सांगता.

लीलाधरशेठ पाटी बघून म्हणाले, "बेन, ये ठीक है क्या?" मी म्हटलं, तुम्ही फक्त खिळा ठोका. आपट्याची पानं वर लावून पाटी टांगली. छान दिसत होती.

१२ ऑक्टोबर

पाटी संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाही.

जिजाबाई दुकानात खोबरं घ्यायला गेल्या होत्या, त्यांना कोणीतरी वाचून दाखवली. तिथून त्या थेट घरी, आणि घरून आवाज आमच्या खोलीपर्यंत. "माझ्या घरात विकतची भाजणी? मी मेले काय? लोकांना वाटायला पाहिजे ह्या घरातल्या बाईला चकली येत नाही?" कृष्णाबाई डोळे लाल करून माझ्या दारात. "माझं नाव पुसा. आत्ताच्या आत्ता पुसा."

मी म्हटलं, "तुम्हीच तर हो म्हणालात. माझ्या घरात बसून, तिळगूळ खाऊन."

"हो म्हटलं होतं. घेते असं कुठे म्हटलं होतं?"

मग एकामागून एक आल्या. कोणाचा नवरा रागावला, कोणाची जाऊ हसली, कोणाच्या माहेरपर्यंत बातमी गेली. एकीने तर सांगितलं, संक्रांतीला तिळगूळ देणारीला नाही म्हणतात का कोणी, वेडी की काय तू. शेवटी ह्यांनीच जाऊन पाटी काढून आणली. मी रंग खरवडत बसले. चाळीसजणींनी चाळीस वेळा माझा गळा कापला आणि वर मलाच विचारतायत, वेडी का तू.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज गहू दळायला राघोच्या गिरणीवर गेले तर ही रांग. राघो म्हणाला, "वहिनी, आज गहू न्हाय, आज नुसती भाजनी." एरवी भाजणीआधी जातं साफ करायला कटकट करणारा राघो आज भलताच खुशीत. सगळ्या डबे घेऊन उभ्या, त्या पाटीवरच्याच. मला बघून पाठ फिरवून उभ्या राहिल्या. म्हणजे यंदा एकूणएक जणी स्वतः घरी भाजतायत. मला हिणवायला म्हणूनच. कृष्णाबाईंनी तर भलामोठा डबा एका बोटाला अडकवून आणला होता. बाईच्या हाताला ताकद आहे.

नवल म्हणजे एवढ्या बायका भाजतायत पण चाळीत भाजल्याचा वास कुठेच नाही. समुद्राकडचा वारा सुटला असेल. सुलू अजून महाडलाच आहे. ती असती तर निदान बोलायला कोणी असतं.

२२ ऑक्टोबर, रविवार

हातपाय न धुताच लिहायला बसले.

गहू राहिलेच होते म्हणून दुपारी पुन्हा गिरणीवर गेले. राघो बाहेर विडी ओढत होता, जातं बंद. पण आतून वास येत होता. माझ्या आईच्या भाजणीचा. तो वास मी झोपेतही ओळखीन. मी राघोला बाजूला करून मागच्या खोलीत शिरले.

सुलू चुलीपुढे बसली होती. मोठ्या कढईत तांदूळ, बाजूला परातीत डाळी, आणि भिंतीला लावून ओळीने डबे. झाकणं काढलेले, रिकामे. माणसांचे डबे मी ओळखते, कृष्णाबाईंचा पितळी कडीचा तिथेच होता. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई घरून रिकामा डबा झाकून आणते, गिरणीवर ठेवते, भरून घेऊन जाते. गिरणीवर जाणाऱ्या बाईला कोण विचारतं डब्यात काय आहे? सासू म्हणणार, सून भाजणी दळून आली.

सुलू म्हणाली, "ये. बस."

मी म्हटलं, "महाड इथे आलंय का?"

ती कढई खाली उतरवत म्हणाली, "खोटं बोलले. ते चुकलं माझं."

"प्रमाण माझ्या आईचं आहे."

"हो. म्हणून तर पुन्हा पुन्हा मागतायत."

"मला का नाही सांगितलंस?"

"जुलैत सांगितलं होतं. साधी पिशवी दे म्हटलं होतं. तू म्हणालीस मी जळते." मग म्हणाली, "नंतर नाही सांगितलं, कारण तू ऐकलं नसतंस. आणि मला बघायचं होतं, मला जमतं का. तू हात वर केला होतास माझा, आठवतं? मला खरंच करायचा होता धंदा. मला फक्त तसं कोणी विचारलं नव्हतं."

परातीला लाथ मारावी असं वाटलं. अन्न आहे म्हणून नाही मारली. दाराशी आले तर मागून म्हणाली, "भाजायला हात कमी पडतायत. तू ये ना. निम्मं निम्मं करू."

मी विचारलं, "नाव कोणाचं?"

"नाव कशाला हवंय गं? नाव नाही म्हणून तर खपतंय."

पाठीत सुरा खुपसायचा आणि वर म्हणायचं, मूठ तू धर.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

काल संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले, आश्चर्य वाटल्याचं तोंडावर काही दिसेना. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"राघो बोलला होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "तू विचारलं नाहीस. या सबंध वर्षात तू मला काही विचारलं नाहीस, आनंदी. सांगत होतीस फक्त." लग्नाला दहा वर्षं झाली, हे पहिल्यांदा इतकं लांब वाक्य बोलले, आणि तेही माझ्या विरोधात.

आज कंपनीत जाऊन आले. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, घरच्या सगळ्यांची चौकशी केली. चहा आला तेव्हाच कळलं जागा भरलीय.

३० ऑक्टोबर, दिवाळीचा पहिला दिवस

फराळाची ताटं आली. रुमाल उचलायचा आणि तोंडभर कौतुक करायचं. प्रत्येक ताटात चकली, आणि प्रत्येक चकली माझ्या आईची. एकही विरघळलेली नाही. सबंध पेणकरपाड्यात यंदा चकली बिघडली नाही. ताट घेऊन आलेली प्रत्येक बाई म्हणत होती, यंदा भाजणी जरा बरी जमली हो मला. कृष्णाबाईंच्या मागे जिजाबाईसुद्धा आल्या होत्या. सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शिकली एकदाची."

मी खाल्ली. छान झालीय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आमच्या पलंगाखाली हिरव्या-लाल लेबलाच्या पिशव्या तशाच आहेत. त्यातलीच एक फोडून मी चकल्या केल्या आणि ताटं फिरवली. माझ्या चकलीकडे बघून एकमेकींना डोळे घालत होत्या. सबंध चाळीत विकतच्या भाजणीची चकली करणारी अशी मी एकटीच ठरले.

१९ नोव्हेंबर, रविवार

सर्टिफिकेट घ्यायला भाईंदरच्या शाळेत गेले. जाणार नव्हते, पण हे म्हणाले, मिळवलंयस तर आण.

सरांचा नवा वर्ग चालू होता. मी दाराबाहेर थांबले. आत सर सांगत होते, "एक उदाहरण देतो, आपल्या जवळचंच. एका बाईंनी तयार भाजणी काढली. माल उत्तम. चाळीसजणींना विचारलं, चाळीसही हो म्हणाल्या. विचारलं कधी? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला." एवढ्यावरच आत हशा पिकला. सर त्या नावांच्या पाटीपर्यंत आले तेव्हा बायका पदर तोंडाला लावून बाकांवर आडव्या झाल्या. मग दुसऱ्या बाईंचं सांगितलं, गिरणीचं, रिकाम्या डब्यांचं; सुलूनेच कळवलं असणार. त्यावर कोणी हसलं नाही. सगळ्या लिहून घेत होत्या.

एका बाईंनी. दुसऱ्या बाईंनी. माझं हसं केलं ते केलं, वर नावसुद्धा घेतलं नाही. म्हणजे यांनीही दगा दिला, आणि वर माझी लाज झाकली असं समजले. मी सरळ आत गेले. सरांचा चेहरा उतरला. मी वर्गाकडे तोंड करून म्हटलं, "ती बाई मी. आनंदी महिपत घाग. पेणकरपाडा. नाव लिहून घ्या."

सर खडू हातात धरून म्हणाले, "बसा आनंदीबाई. की बोलता? तुम्हीच सांगा, कुठे चुकलं." मी म्हटलं, "माझं काही चुकलं नाही. बायका खोटं बोलल्या. मैत्रीण खोटं बोलली. मी एकटी खरं बोलले, म्हणून बुडाले."

मधल्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. वेणीत गजरा, लग्न नुकतंच झालेलं असावं. अगदी आदराने विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः कधी विकतची भाजणी आणली होती का? म्हणजे धंद्याच्या आधी?"

"छे. एकदाही नाही. आणि आणली असती तरी कोणाला सांगितलं असतं का..."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुलीने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. सरांनी फळा पुसला आणि माझं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं, मी ते उचललं आणि बाहेर आले. चाळीसजणी फिरल्या, सुलू फिरली, हे फिरले, सर फिरले, आणि आज माझं तोंडही माझ्याशी फितूर झालं.

घरी आले तर हे म्हणाले, सुलू येऊन गेली, दारातूनच. लग्नसराईसाठी तिला मोठी मागणी आलीय, उद्या सकाळी तांदूळ धुवायला घेणार आहे, तुला विचारायला सांगितलंय. मी म्हटलं, काय विचारायला? हे म्हणाले, "येतेस का, एवढंच." सर्टिफिकेट कपाटात ठेवलं. सुलूशी मी बोलणार नाही. गेलेच तर नुसते तांदूळ धुवीन.